वर्गाच्या गटांत सुवार्ता पाठवावी काय?

सातारा-सांगलीकडील खेड्यांतही आतां शाळेचा निरोप मोबाईलवर येतो. गुरुजी वर्गाचा व्हॉट्सॲप गट करितात व गृहपाठ त्यावरच धाडितात. त्याच गटांत रोज एक शास्त्रवचन पाठवावें काय, असें एका शिक्षक बंधूनें आम्हांस विचारिलें. आम्हीं घाईनें होकार दिला; परंतु मन स्वस्थ राहिलें नाहीं.

सुवार्ता सांगणें हें आपलें कर्तव्य आहे, मग सोपें साधन हातीं असतां मौन कां धरावें? हा आक्षेप हलका नाहीं. रोमन काथलिक मंडळींतील कार्लो अकुटिस या मुलानें प्रभुभोजनासंबंधींच्या चमत्कारांची माहिती जमवून संकेतस्थळ केलें. तो २००६ सालीं, १५ वर्षांचा असतां, वारला. २०२५ सालीं पोप लिओ चौदावे यांनीं त्यास संत म्हणून जाहीर केलें. त्या चमत्कारांविषयीं आमचें मत निराळें आहे. तथापि त्याचें पान ज्यास पाहावयाचें त्यानेंच उघडावयाचें होतें. वर्गाच्या गटांतून मूल निघून जाऊं शकत नाहीं. ज्यांच्या हातीं गुण आहेत, त्या गुरुजींस तें "नको" कसें म्हणेल?

राज्यघटनेचें २५ वें कलम धर्मप्रसाराची मोकळीक देतें. परंतु २८ व्या कलमाप्रमाणें अनुदानित शाळेंतही पालकांच्या संमतीवांचून अज्ञान मुलास धर्मशिक्षण घ्यावयास लावितां येत नाहीं. विश्वास सक्तीनें धरवितां येत नाहीं, असें काथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंही १९६५ सालीं सांगितलें. आपलें एकुलतें ख्रिस्ती मूल ज्या वर्गांत बसतें, तेथें त्याच्या हातीं रोज परधर्माचा पाठ आला, तर आपणांस कसें वाटेल?

मग शिक्षकानें साक्ष द्यावीच कशी? कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढून नाना जातिधर्मांचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. त्या मुलांच्या अन्नासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने दिले. ते ख्रिस्ती नव्हते. तरी प्रीति शब्दांवांचून कशी ओळखूं येते, हें आपण त्यांजपासून शिकावें.

म्हणून आम्हीं आपला होकार परत घेतला आहे. बंधूंनो, शाळेचा गट शाळेसाठींच असूं द्या. मंडळीच्या गटांत, आपल्या नांवानें, आणि जो विचारील त्यास मोकळेपणें सांगा. प्रभु दाराशीं उभा राहून ठोकतो. कडी मात्र आंतल्यानेंच काढावयाची असते.