मावशीचे हात

पतंजलींच्या योगसूत्रांत यमांमध्ये पहिली अहिंसा आहे आणि नियमांमध्ये पहिले शौच. यम म्हणजे दुसऱ्याशी कसे वागावे, नियम म्हणजे स्वतःला कसे घडवावे. वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या आजींचे डायपर बदलून मावशी हात धुते, ते यांपैकी कशात धरायचे? शौचात, असे आपण सहज म्हणून टाकू. मला ते पटत नाही. पतंजलींच्याच मते शौच अंगी मुरले की स्वतःच्या देहाची किळस येते आणि इतरांचा संसर्ग नकोसा होतो. मावशीचे तर कामच संसर्गाचे: कूस बदलणे, पुसणे, भरवणे. (शुद्धतेचा हा शब्द मराठीत अखेर संडासापाशी येऊन थांबला आणि मावशीची ड्यूटी नेमकी तिथेच सुरू होते, हा योगायोग मार्मिक आहे.) तिचे हात धुणे अहिंसेतच मोडते.

कारण न धुतलेले हात जीवही घेतात. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. घात करणारे हात प्रतिष्ठितांचे होते. सोवळ्याला हे कबूल करणे जमत नाही, कारण सोवळ्यात विटाळ नेहमी समोरच्याचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे जे पाच प्रसंग सांगितले आहेत, त्यांतला पहिला रुग्णाला हात लावण्यापूर्वीचा आहे. म्हणजे आधी आपल्यापासून त्याला जपायचे. शिवाय घाम सोडून कोणाच्याही शरीरातला कुठलाही स्राव संसर्गजन्य असू शकतो, असे धरूनच चालायचे. जात, पैसा, आजाराचे नाव, काही विचारायचे नाही. खबरदारी माणूस बघून नव्हे, काम बघून घ्यायची. विटाळाच्या कल्पनेचा इतका साधा प्रतिवाद दुसरा नसेल.

तरी एक आक्षेप खरा आहे. ‘हातमोजे घालून शिवतात, मी काय अस्पृश्य झाले?’ असे एखाद्या आजींना वाटले तर त्यांना हसू नये. आपल्या समाजात या शंकेला इतिहास आहे. पण हातमोजे लागतात ते रक्त, मलमूत्र, जखम अशा ठिकाणी. वेणी घालताना, घास भरवताना, हात हातात घेताना धुतलेला उघडा हातच योग्य. उलट एकच जोडी घालून चार खाटा फिरणारी मावशी स्वतःला जपते आणि जंतू मात्र चौघांना वाटते. मोजा मनगटाशी धरून उलटा सोलत काढायचा, टाकायचा, पुन्हा हात धुवायचे. साबणाने चाळीस ते साठ सेकंद, आणि अंगठीखाली साबण पोचत नाही, हेही लक्षात ठेवायचे.

दुसरा आक्षेप भाविकांचा: सेवेत जिवाची पर्वा कसली? वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडमध्ये 2020 साली एका शुश्रूषागृहात करोना पसरला. लक्षणे असूनही कामावर येणारे आणि एकाहून अधिक ठिकाणी राबणारे कर्मचारी हे तिथून साथ पसरण्याचे एक कारण ठरले. तापात कामावर येणे हा त्याग दिसतो खरा, पण त्याची किंमत खाटेवरची म्हातारी माणसे मोजतात. आणि रजा घेतली की पगार कापला जाणार असेल, तर त्यात मावशीचा दोष किती? पंख्याच्या पात्यावर नाव घालून वृद्धाश्रमांना देणगी देणाऱ्यांनी यंदा हातमोज्यांची खोकी आणि मावशींची भरपगारी आजारी रजा यांसाठी पैसे द्यावेत. पात्यावर नाव नाही आले तरी चालेल.