मामांची पाचशे रुपयांची सीडी

बंगळुरूच्या व्हाइटफील्डला होप फार्म चौकाजवळ एक मामा राहत. मूळचे बेळगावचे. आयटी पार्कातली नोकरी सुटल्यावर त्यांनी छोट्या दुकानदारांसाठी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. उधारी, थकबाकी, पावत्या, सगळं मराठीत आणि कन्नडमध्ये. किंमत पाचशे रुपये.

त्यांचा भाचा प्रोग्रॅमची सीडी घेऊन कडुगोडीपर्यंत दुकानं फिरला. किराणावाला म्हणाला, "छान आहे रे. पण माझ्याकडे मोठ्या कंपनीचं आहे. हजारोंचं, कॉम्प्युटर जोडणाऱ्या पोरानं फुकट टाकून दिलं." औषधवाल्याकडेही तेच. कॉम्प्युटर क्लासात शिकवत तेही तेच, कारण नोकरी देणारे तेच विचारत; आणि ते तेच विचारत, कारण पोरांना तेवढंच येई. असं चक्र एकदा फिरू लागलं की चांगल्या मालालाही आत शिरायला फट उरत नाही.

भाचा चिडला. "मामा, चोरी मोठ्या कंपनीची होतेय, मग बुडतोय आपण कसे?"

मामांनी 1975 ची गोष्ट सांगितली. पालो आल्टोत अल्टेअर संगणकाच्या प्रात्यक्षिकातून मायक्रोसॉफ्टची बेसिक ही संगणकभाषा साठवलेली, छिद्रं पाडलेली कागदी पट्टी कुणीतरी उचलली. हौशी मंडळींनी तिच्या प्रती वाटल्या. 1976 मध्ये बिल गेट्सनं संतापून त्यांना जाहीर पत्र लिहिलं. पण लोकांचा हात त्याच बेसिकवर बसला होता, आणि पुढे संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी पैसे मोजून तेच घेतलं. 1998 मध्ये तेच गेट्स चीनबद्दल बोलताना म्हणाले की, ते चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. सवय लागली की वसुलीचं नंतर बघू.

"हजारोंचा माल चोरला की त्याची किंमत शून्य," मामा म्हणाले. "शून्यापुढे माझे पाचशे महागच. चोरी त्यांच्या घरात झाली, पण गिऱ्हाईक माझं गेलं."

मामांनी प्रोग्रॅम बंद केला आणि शिकवण्या धरल्या.

बऱ्याच वर्षांनी मोठ्या कंपनीची माणसं परवाना तपासत किराणावाल्याकडे आली. तो धावत मामांकडे आला. "मामा, ती सीडी आहे का हो अजून?"

मामांनी कपाटातून काढून दिली. भाच्यानं रात्रभर खटपट केली, पण दहा वर्षांची उधारी त्यात काही उतरेना.

सकाळी किराणावाल्यानं कंपनीचे पैसे भरले. दुपारी तो पुन्हा आला, पाचशेची नोट मामांच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता खाली मान घालून बसून राहिला.