मी प्रेम केलो

पुण्यामुंबईची माणसं नांदेड-लातूरच्या माणसाला दोन वाक्यांत ओळखतात ती 'केलो'वरून. मी अभ्यास केलो, मी भाकरी खाल्लो, मी तिला सांगितलो. बोलणारी बाई असली तर 'मी चहा केले, मी पेपर वाचले'. पुस्तकी व्याकरणात ही ढळढळीत चूक. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की त्यानं कर्त्याला सोडावं आणि कर्माचं ऐकावं, असा प्रमाण मराठीचा दंडक आहे: भाकरी खाल्ली, चहा केला. आमच्याकडचं क्रियापद कर्त्याला सोडायला तयार नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद ओलांडलं की तेलुगू, उदगीर-निलंगा ओलांडलं की कानडी, आणि त्या दोन्ही भाषांत क्रियापद कर्त्याशीच बांधलेलं. शेजाराचा गुण लागला. त्यात 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, शिकायचं तर बहुतेक उर्दूतून. माझ्या सासऱ्यांच्या पिढीला मराठी घरानं शिकवली, शाळेनं नाही.

माझा धंदा डीटीपीचा. सुरुवात लातुरात गंजगोलाईजवळच्या एका छापखान्यात झाली, लग्नानंतर नांदेडात वजिराबादेत स्वतःचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, बायोडेटा, सप्ताहाची पत्रकं, आणि अलीकडं कपावर, उशीवर, मोबाईलच्या कव्हरवर छपाई. म्हणजे एका हातानं मी हरिनाम लावते आणि दुसऱ्या हातानं पोरापोरींच्या प्रेमाच्या ओळी. दोन्हींत ऱ्हस्व-दीर्घ तितकेच चुकलेले असतात. 'पत्रीका', 'आर्शिवाद', 'प्रीय', 'विठ्ठल'मधला एक ठ गळालेला. प्रूफ वाचताना माझ्या मनात एक प्रश्न नेहमी असतो आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. चुकीच्या भाषेत म्हटलेलं प्रेम पोहोचतं का? देवाला आणि माणसालाही?

श्यामनगरच्या एका क्लासला नीटची तयारी करणारा मुखेडकडचा एक पोरगा कप छापायला आला होता. मजकूर वहीच्या पानावर लिहून आणलेला: 'मी तुझ्यावर मनापासून प्रेम केलो.' हाताला सवय असल्यामुळं टाईप करतानाच मी 'केलं' केलं. स्क्रीनकडं बघून तो एकदम घाबरा झाला.

"काकू, 'केलं' नका करू."

"अरे, बरोबर तेच आहे."

"बरोबर असंल. पण तिला वाटंल, मी कुणाकडून तरी लिहून घेतलो."

मी 'केलो' छापलं. त्या पोराला व्याकरण येत नव्हतं, पण एक गोष्ट नेमकी कळत होती. ज्या वाक्यातून आपण ओळखू येत नाही, ते कितीही शुद्ध असलं तरी आपलं नाही.

आपल्याकडं एक जुनं सुभाषित आहे. त्यात अडाणी भक्त 'विष्णाय' म्हणतो आणि शहाणा 'विष्णवे' म्हणतो, पण पुण्य दोघांना सारखंच मिळतं, कारण देव भाव बघतो. कीर्तनात हे सांगितलं की माणसं माना डोलावतात आणि अडाण्याला देवानं मोठ्या मनानं सांभाळून घेतलं असं समजून घरी जातात. मला त्यातला अडाणी अडाणी वाटतच नाही. त्यानं 'रामाय' ऐकलं होतं, 'कृष्णाय' ऐकलं होतं, त्याच चालीवर 'विष्णाय' केलं. त्यानं नियमच पाळला, फक्त तो इथं चालत नव्हता. मुखेडच्या पोराचंही तेच. गेलो, आलो, बसलो, रडलो, मग केलो का नाही? भाषेवर विश्वास ठेवणाराच अशी चूक करतो.

याच्या अगदी उलट गोष्ट पतंजलींनी महाभाष्याच्या सुरुवातीलाच दिली आहे. त्वष्ट्याला इंद्राचा काटा काढायचा होता. त्यासाठी यज्ञ मांडला, 'इंद्रशत्रु' हा शब्द म्हटला, पण आघात भलत्या अक्षरावर पडला. 'इंद्राला मारणारा' व्हायचं ते 'इंद्र ज्याला मारणार तो' झालं. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. शब्द तोच, एका स्वरानं घात केला.

मग खरं काय? एकीकडं देव चुकीची विभक्तीही गोड मानून घेतो, दुसरीकडं चुकीच्या स्वरानं यज्ञ करणाऱ्यावरच उलटतो. मला यात विरोध दिसत नाही. त्वष्ट्याला कुणाला काही सांगायचं नव्हतं, त्याला काम करून घ्यायचं होतं. शब्दांनी काम काढून घ्यायचं म्हटलं की अक्षर न् अक्षर बरोबर लागतं, कुलुपाच्या किल्लीचे दाते लागतात तसं. नाम घेणाऱ्याला काही उघडायचं नसतं. तो हाक मारतो, आणि हाक मोडक्यातोडक्या नावानंही ऐकू जाते.

हा फरक मला दुकानात रोज दिसतो. काही पोरं नेटवरून उचललेली शायरी आणतात. एकही चूक नाही, नुक्तासुद्धा जागच्या जागी. तीच शायरी मागच्या आठवड्यात दुसऱ्यानं आणलेली असते, आणि कधी कधी एकच पोरगा ती दोन वेगवेगळ्या नावांखाली छापून नेतो. तो मंत्र आहे, चालेल तिथं चालवायचा. असल्या शुद्ध मजकुरापेक्षा मला 'मनापसुन' लिहिणारा बरा वाटतो.

नांदेडला राहणाऱ्याला याचा आणखी एक पुरावा घराजवळच सापडतो. नामदेव नरसीचे, म्हणजे आताच्या हिंगोली जिल्ह्यातले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यांतल्या हिंदीला जागोजाग मराठीचा वास येतो. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडलाच ग्रंथाला गुरुपद दिलं. आज इथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात पाठ चालतो तेव्हा त्यात काना-मात्रेचाही फरक केलेला चालत नाही. नामदेवांची हिंदी कुणी 'सुधारून' घेतली नाही. शिंपी घरातला मराठी माणूस पंजाबापर्यंत चालत गेला आणि जमेल तसा बोलला. त्याचं ते बोलणं आहे तसं जपणं, हीच तिथं शुद्धता. प्रूफ वाचणाऱ्यानं हे एकदा तरी जाऊन ऐकावं.

आता 'केलो'कडं परत येते, कारण मला त्यात नुसती बोली दिसत नाही.

हल्लीच्या प्रेमप्रकरणांत सगळं 'होतं', कुणी काही करत नाही. प्रेम झालं. बोलणं बंद झालं. ब्रेकअप झालं. चुकून ब्लॉक झालं. लातूरच्या ट्यूशन एरियात पोरंपोरी चहाच्या गाड्यावर उभी असतात तिथं कान देऊन बघा, 'मी तोडलो' असं म्हणणारा भेटणार नाही. सगळे 'तुटलं' म्हणतात, जणू वारा आला आणि फांदी पडली. हे सगळं व्याकरणाला धरून आहे, आणि त्यातून करणारा सफाईनं निसटतो. अशा वेळी 'मी प्रेम केलो' हे चुकीचं वाक्य मला फार सच्चं वाटतं. मी केलो. निस्तरायचंही मलाच आहे.

इथं सप्ताहातले महाराज मला थांबवतील. 'मी कर्ता' हाच तर अहंकार, तो सोडा म्हणून गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलंय. जनाबाई गंगाखेडची, गोदेच्या काठची. तिच्या जात्याला हात देव लावतो, ती कर्तेपण स्वतःकडं घेतच नाही. हे मला पटतं. पण जनाबाईनं दळण टाळलं नव्हतं. दळता दळताच तिला देव भेटला. आणि गीता संपताना अर्जुन 'होईल ते होईल' म्हणत नाही, 'तू सांगतोस तसं करीन' म्हणतो. कर्तेपण देवाला वाहायचं असेल तर ते आधी आपलं म्हणावं लागतं. जे कधी आपलं म्हटलंच नाही, ते वाहणार कसं? 'ब्रेकअप झालं' म्हणणारा निरहंकारी नव्हे. त्यानं फक्त जबाबदारी दुसऱ्याच्या दारात ठेवली.

रुक्मिणीकडं बघा. आमच्याकडं पोरीचं लग्न जुळेना की एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चं पारायण करायला लावतात. पैठणच्या नाथांनी काशीत बसून लिहिलेला ग्रंथ, अठरा प्रसंगांचा. घरातले मोठे हात जोडून ऐकतात, आणि ऐकतात काय? एका मुलीनं आईबापांना न विचारता स्वतःच्या पसंतीच्या मुलाला पत्र पाठवलं. भागवतात ते पत्र सात श्लोकांचं आहे. त्यात 'मला वाटतं', 'बघू', 'घरचे काय म्हणतील' काही नाही. मी तुला वरलंय, लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेर अंबिकेच्या देवळात येते, तिथून मला घेऊन जा. दिवस, ठिकाण, रीत, सगळं तिनंच ठरवलेलं. भक्तिपरंपरेतली सर्वांत मोठी प्रेयसी पूर्ण कर्तेपणानं बोलते आणि तरीही ते समर्पणच ठरतं.

पण 'केलो'त एक धोकाही आहे, आणि तो मला लपवायचा नाही. प्रमाण मराठीत 'मी प्रेम केलं' म्हणताना क्रियापद प्रेमाचं ऐकतं. 'केलो'त ते फक्त माझंच ऐकतं. मी केलो ना, मग तिनंही करायलाच पाहिजे, इथवर जाणारी पोरं मी पाहिली आहेत. अशा पोरांना मी नेहमी एक गोष्ट सांगते. ती आपल्या गोदावरीचीच आहे, इथून वरच्या अंगाला पैठणची.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एका राणीला पाण्याचे सपकारे सोसवेनात. ती म्हणाली, 'मोदकैः'. म्हणजे 'मा उदकैः', पाण्यानं नको मारूस. राजाला संधी कळला नाही. त्यानं ताबडतोब मोदक मागवले. राणी हसली, तुम्हाला एवढंही व्याकरण येत नाही का म्हणाली, आणि राजा लाजेनं अंथरूण धरून बसला. पुढं गुणाढ्य आणि शर्ववर्मा या दोघांची पैज लागली. गुणाढ्य म्हणाला, बारा वर्षांचं व्याकरण सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. शर्ववर्मा जिंकला, त्यातून कातंत्र व्याकरण आलं. हरलेल्या गुणाढ्यानं पैजेप्रमाणं संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही भाषा सोडल्या, रानात जाऊन पैशाचीत बृहत्कथा लिहिली, तीही स्वतःच्या रक्तानं. राजानं ती झिडकारली, तेव्हा तो एकेक पान वाचून अग्नीत टाकत गेला आणि रानातली जनावरं चारा सोडून ऐकत उभी राहिली. सोमदेवाच्या कथासरित्सागरात ही हकीकत आहे.

पंडितांनी ही गोष्ट शतकानुशतकं संधीच्या महतीसाठी सांगितली. मला तीत वेगळंच दिसतं. राणी 'नको' म्हणाली होती. राजाच्या कानावर 'मोदक' पडले, त्यातला 'मा' पडलाच नाही. हसू झालं तेव्हाही त्याला दुःख झालं ते आपलं अज्ञान उघडं पडल्याचं. बाई दमली होती, तिला पाणी सोसत नव्हतं, हे त्याच्या डोक्यात आलं असं कथा कुठं सांगत नाही. त्यानं व्याकरण शिकून घेतलं. तिला जाऊन काही विचारलं का? आणि ज्या भाषेला त्यानं गावंढळ म्हणून झिडकारलं, ती रानातल्या हरणांना समजली होती.

म्हणून मी पोरांना सांगते, तुझं 'केलो' चालेल, 'मनापसुन' चालेल. तिचं मात्र नीट ऐक. आमच्याकडची पोरगी तोंडावर 'नाही' फारसं म्हणत नाही, 'बघू' म्हणते. 'आत्ता अभ्यास आहे' म्हणते. नुसतं 'हं' पाठवते. पोरं त्या 'बघू'चे मोदक करतात आणि दुसऱ्या दिवशी क्लाससमोर गाडी लावून उभी राहतात. बोलण्यातली चूक देव पोटात घालतो. ऐकण्यातल्या चुकीबद्दल त्या सुभाषितात एक अक्षर नाही. भक्ताचं ऐकण्याचं काम देव करतो, म्हणून तिथं निभतं. माणसांत ते काम एकमेकांनीच करायचं असतं.

लग्नपत्रिका छापताना वर रेणुका किंवा माळेगावचा खंडोबा प्रसन्न असतो, खाली काका-मामांची लांबलचक रांग असते. प्रूफ बघायला बाप येतो, नाहीतर चुलता. आपल्या नावामागचं 'श्री' सुटलं नाही ना, एवढं बघून सही करून जातो. मुलीचं नाव तिच्या दाखल्यावर एक, बायोडेटात दुसरं आणि पत्रिकेत तिसरं असतं. मी आता नियमच केलाय, छपाईआधी प्रूफ मुलीच्या मोबाईलवर गेलं पाहिजे आणि तिचा होकार आला पाहिजे. काही जण चिडतात, "तिला काय विचारायचंय त्यात?" म्हणतात, दोघं-तिघं दुसऱ्या दुकानात गेले. बाकीचे नंबर देतात. मग मी तिला फोटो पाठवते आणि विचारते, नाव असंच लिहितेस का, तारीख बरोबर आहे का, आणि छापू का.