पाप कोणाचे?

प्रायश्चित्तकाळातील चौथा रविवार (योहान 9:1-41)



आजच्या शुभवर्तमानात शिष्यांना वाटेत एक जन्मांध माणूस दिसतो. त्याला हात देण्याआधी ते गुरुजींना विचारतात, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे? याच्या की याच्या आईवडिलांच्या? प्रभू दोघांनाही दोषमुक्त करतो, माती कालवतो आणि कामाला लागतो.

हा प्रश्न आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, दोन महिन्यांच्या मुलीला घाईने बाप्तिस्मा देण्यासाठी मला बोलावले गेले. बाळाचे ओठ निळसर होते, दूध पिताना तिला घाम फुटे. डॉक्टरांनी हृदयात दोष असल्याचे सांगितले होते. आजी दाराशीच मला म्हणाली, "फादर, हिने ग्रहणात विळीवर मासळी कापली." सून खाली मान घालून बसली होती. मी बाप्तिस्मा दिला, 'देवाची इच्छा' असे म्हणालो आणि निघालो. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते. आजीने दोष सुनेवर टाकला, मी तो देवावर टाकला.

खरे काय आहे? हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळे हृदयात काही दोष घेऊन जन्मतात. आपल्या देशात अशी बाळे वर्षाला दोन लाखांच्या आसपास असावीत असा अंदाज आहे. गर्भाचे हृदय पहिल्या दोन महिन्यांतच आकार घेते, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे नीट कळते न कळते तोवर. बहुतेकांच्या बाबतीत नेमके कारण सापडत नाही. काहींत गुणसूत्रांचा दोष असतो, काहींत आईला झालेला रुबेला किंवा ताब्यात नसलेला मधुमेह. ग्रहणाचा, विळीचा किंवा कोणाच्या नजरेचा यात काही संबंध नाही.

एके काळी निळी पडलेली अशी बहुतेक मुले लहानपणीच दगावत. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टाउसिग त्यांना तपासत. त्यांना ऐकू फारसे येत नसे, म्हणून त्या मुलांच्या छातीवर बोटे ठेवून ठोके ओळखत. फुप्फुसांकडे रक्त कमी जाते म्हणून मूल निळे पडते, मग तिकडे नवी वाट का काढू नये, असे त्यांनी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांना सुचवले. ती वाट कुत्र्यांवर प्रयोग करून प्रत्यक्ष जमवली व्हिव्हियन थॉमस यांनी. ते कृष्णवर्णीय होते. डॉक्टर व्हायचे म्हणून साठवलेले पैसे बँक बुडाल्याने गेले होते, आणि सुरुवातीला त्यांना पगार झाडूवाल्याचा मिळे. 29 नोव्हेंबर 1944 रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे घालायचे ते सांगत होते. विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती 1976 साली!

ती मुलगी सुधारली, पण काही महिन्यांनी पुन्हा खालावली आणि वारली. हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्यातही अशी मुले गमावलेले आईबाप आज मिस्साला बसले आहेत. त्यांची श्रद्धा कमी पडली असे कोणी म्हणू नये.

पण आज चित्र पुष्कळ बदलले आहे. प्रगत देशांत अशी दहातली नऊ मुले मोठी होतात. लहान छिद्रे कित्येकदा आपोआप बुजतात, काही जांघेतून नळी घालून बंद करता येतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. आपल्याकडे मुले दगावतात त्याचे एक मोठे कारण उशीर हे आहे. नवस बोलण्यात, ताईत बांधण्यात, पैशाची जुळवाजुळव करण्यात महिने जातात. (नवस बोलायचाच असेल तर इस्पितळाच्या वाटेवर बोला, पवित्र मरिया तिथेही ऐकते.)

त्या बाळाची शस्त्रक्रिया अकराव्या महिन्यात झाली. आता ती धर्मशिक्षणाच्या वर्गात सर्वांत जास्त धिंगाणा घालते म्हणे. तिची आई गेल्या वर्षी एका लग्नात भेटली. मुलीचे कौतुक सांगून झाल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "फादर, माझ्यामुळे नव्हतं ना झालं ते?"

आज घरी बाळ असलेल्यांनी, विशेषतः आजींनी, एवढे पाहावे: दूध ओढताना बाळ दमते का, घामाघूम होते का, वजन वाढत नाही का, छाती पुन्हा पुन्हा भरते का, ओठ-जीभ निळी दिसते का. तसे असल्यास बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ओठ-जीभ निळी दिसली तर त्याच दिवशी. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांची सोयही लावली जाते. अंगणवाडीताईंना विचारा. कागदपत्रांसाठी किंवा इस्पितळात सोबतीला कोणी हवे असेल, तर धर्मगुरूंच्या निवासाची घंटा कधीही वाजवा.