साबणाचें वेष्टन आणि सत्य

हातानें साबण करून विकणाऱ्यापुढें एक प्रश्न नेहमीं उभा राहतो: हा साबण गुंडाळावा कशांत? कोणी हातकागदाची पट्टी लावतो, कोणी खादीची पिशवी शिवतो, कोणी सुतळीखालीं वाळलेलें पान खोंचतो. हा प्रश्न रुचीचा, फार तर व्यापाराचा. त्यांत नीतीचा संबंध काय, असें सकृद्दर्शनीं कोणासही वाटेल. परंतु थोडा विचार केला असतां तो मुख्यतः नीतीचाच प्रश्न आहे असें दिसून येईल.

साबण वापरून पाहण्यापूर्वीं गिऱ्हाइकाला पैसे मोजावे लागतात. तोंवर वस्तूच्या वतीनें बोलतें तें वेष्टनच. म्हणजे वेष्टन हें एक प्रकारचें वचन होय. आणि जेथें वचन आलें तेथें सत्यासत्य आलेंच.

मग वस्तु नटविणें हेंच असत्य काय? कित्येक कर्मठ मंडळी तसें म्हणतील. मला तें मान्य नाहीं. म्हैसूर संस्थानांत तयार होऊं लागलेला चंदनाचा साबण दागिन्यांच्या पेटीसारख्या पेटींत घालून विकण्याची प्रथा पडली. पण आंत खरोखरच चंदनाचें तेल होतें. तेव्हां पेटीनें आंतल्या वस्तूचा मान राखला, कोणास फसविलें नाहीं. लग्नांतला अहेर आपण वर्तमानपत्रांत गुंडाळून देत नाहीं; ती सजावट म्हणजे घेणाऱ्याविषयींचा आदर होय.

उलट साधेपणाही खोटें बोलूं शकतो. यंत्रांतून निघालेल्या वडीला जाडाभरडा कागद व मुद्दाम वांकडी चिकटविलेली चिठ्ठी लावून ती हातची म्हणून विकली, तर तो खरखरीत कागद मखमलीहून अधिक लबाड ठरतो. ‘कॉस्टिक सोड्याविना केलेला’ हीं अक्षरेंही त्याच मासल्याचीं. तेल आणि क्षार यांच्या संयोगावांचून साबण होतच नाहीं; नीट मुरलेल्या वडींत सोडा उरत नाहीं, एवढेंच म्हणणें खरें. वजनाचेंही असेंच आहे. थंड रीतीनें केलेली वडी चार ते सहा आठवडे वाळत ठेवावी लागते, व त्या अवधींत पाणी उडून ती हलकी होते. ओल्या वडीचें वजन छापणारा साबणाच्या भावानें पाणी विकतो.

यावर कोणी म्हणेल, एवढ्यातेवढ्या अतिशयोक्तीनें कोणाचें काय बुडतें? बुडतें तें प्रामाणिक कारागिराचें. त्याच्यापाशीं जाहिरातीला पैसा नसतो. ‘शुद्ध’, ‘हातचा’ असे दोनचार शब्द हेंच त्याचें भांडवल. ते शब्द इतरांनीं झिजविले, म्हणजे खरें बोलूनही तो खोट्यांतच मोजला जातो.

फ्रान्समध्यें मार्सेय येथील जुन्या पद्धतीच्या साबणाच्या ठोकळ्यावर तेलाचें प्रमाण, शेंकडा ७२, ठशानें उमटविलेलें असतें. कागद फेंकून दिला तरी विकणाऱ्याचा शब्द साबणाबरोबर राहतो. आपल्याकडील साबण करणाऱ्यांनींही हाच दंडक पाळावा. तेलें कोणतीं, वडी कोणत्या दिवशीं पाडली, वाळल्यावर वजन किती भरलें, हें आधीं लिहावें. मग खुशाल फुलें बांधावींत, रेशीम गुंडाळावें. वेष्टनाची खरी परीक्षा तें फाडून टाकल्यावर, न्हाणीघरांत होते.