गड विकावा, पुन्हा घ्यावा

शिवरायांचे किल्ले अजिंक्य होते, असे व्याख्यानांतून इतक्यांदा ऐकू येते की इतिहास बिचारा बाजूला उभा राहतो. 1665 मध्ये मिर्झाराजे आणि दिलेरखानाने पुरंदर जेरीस आणला, मुरारबाजी पडले आणि तहात 23 किल्ले द्यावे लागले. पन्हाळा किती वेळा हातचा गेला आणि परत आला! गड पडतात, हे महाराजांना पक्के ठाऊक होते. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघे नेमून कामे अशी वाटलेली, की एकट्याला मनमानी करता येऊ नये. तोफेइतकीच फितुरीची धास्ती होती.

मग गड कशासाठी? माझ्या मते शत्रूचा वेळ खाण्यासाठी. पण ते काम गड एकटा करू शकत नाही. त्याला बाहेर फिरती फौज लागते. दिवाळीत पोरे मातीच्या किल्ल्यावर सगळे मावळे वरच मांडतात, खाली एकही नाही. मोठ्यांच्या डोक्यातले चित्रही तसेच असते.

जिंजी पाहा. मोगल सरदार झुल्फिकारखान 1690 मध्ये तिच्यासमोर येऊन बसला आणि किल्ला हाती लागला 1698 मध्ये. तोवर आत अडकलेले राजाराम महाराज निसटले होते. तट भक्कम होताच, पण मधल्या काळात संताजी-धनाजींनी मोगलांची रसद अशी तोडली, की वेढा घालणारेच वेढ्यात सापडल्यासारखे झाले.

पुढे 1699 मध्ये ऐंशी ओलांडलेला औरंगजेब जातीने किल्ले घ्यायला निघाला. साताऱ्याला प्रयागजी प्रभूंनी त्याला महिनोन्‌महिने झुलवले. एप्रिल 1700 मध्ये मोगलांचा सुरुंग उलटला आणि त्यांचीच शेकडो माणसे दगडांखाली गेली. तेवढ्यात राजाराम महाराज वारल्याची बातमी आली आणि गड खाली करून देण्यात आला. मग परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड. यांतले बरेचसे रोकड मोजून मिळाले. तोरणा मात्र लढून घेतला, म्हणून त्याचे कौतुक दरबारात वेगळे.

किल्लेदारांचा हिशेब सरळ होता. पावसाळा तोंडावर येईपर्यंत गड झुंजवायचा, मग पैसा आणि सुखरूप वाट मागून उतरायचे. 1702 च्या जूनमध्ये विशाळगड घेऊन बादशहा परत फिरला तेव्हा सह्याद्रीचा पाऊस कोसळत होता. ओढे फुगलेले, जनावरे चिखलात रुतलेली, तंबू भिजलेले. पन्हाळ्यापर्यंतच्या थोडक्या वाटेला महिन्याहून अधिक काळ लागला. हाती आला होता एक डोंगर! त्याच्या शिबंदीला धान्य-दारूगोळा पोचवायचा तो याच वाटेने, आणि वाटेवर मराठ्यांच्या टोळ्या. 1707 मध्ये बादशहा मेला, त्या सुमारास घेतलेले कितीतरी गड त्याच्या हातून निसटले होते. पैसे घेऊन गड सोडण्याला कोणी फितुरी म्हणेल. काही ठिकाणी ती असेलही. पण राजारामांमागे कारभार पाहणाऱ्या ताराबाईंच्या काळातले हे व्यवहार पाहिले, की शत्रूच्याच खजिन्यावर लढाई चालवण्याची युक्ती दिसते. मला तरी तिची लाज वाटत नाही.

1818 मध्ये तेच डोंगर, तेच तट. इंग्रजांच्या उखळी तोफांना श्रेय द्यावेच लागेल. रायगडावर त्यांच्या गोळ्यांनी आग लागली आणि मे महिन्यात गड गेला. पण त्याआधी 20 फेब्रुवारीला अष्टीला बापू गोखले पडले होते. पेशवा दुसरा बाजीराव पळत होता, वेढ्याला बाहेरून छेडणारे कोणी उरले नव्हते. लोहगड तर लढाईवाचूनच गेला.

जिंकलेले किल्ले पुन्हा उपयोगी पडू नयेत याची तजवीज इंग्रजांनी केली. सगळे तट पाडत बसणे खर्चाचे. त्यापेक्षा चढायच्या वाटा मोडणे स्वस्त. अलंग-मदनच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. आज तिथे ट्रेकर दोर लावून चढतात.