दोन काठ्या, दोन सावल्या

20 मार्चच्या भर दुपारी सोलापुरातल्या एखाद्या शाळेच्या पटांगणात मीटरभर उंचीची काठी उभी करावी. तिची सर्वांत आखूड सावली 32 सेंटीमीटरच्या आसपास भरते. त्याच दुपारी जळगावात तेवढ्याच काठीची सावली 38 च्या घरात जाते. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असल्याने सूर्य दोन्हीकडे एक-दीड मिनिटाच्या फरकाने सर्वांत उंचावर येतो. सातवीच्या मुलांनी काठी आणि सावली कागदावर प्रमाणात काढून कोनमापक लावावा. दोन कोनांत साधारण 3.35 अंशांचा फरक येईल. सोलापूर-जळगाव सरळ अंतर सुमारे 370 किलोमीटर. पुढे नुसतं त्रैराशिक: पृथ्वीचा घेर 40 हजार किलोमीटरच्या जवळपास.

इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून हेच केलं. पण मला इथे मोलाची वाटते ती चूक. एकाच बाजूला सावली सेंटीमीटरभर चुकली, तर घेर पाच-सात हजार किलोमीटरनी बदलतो. मग दोन शाळांच्या व्हिडिओ कॉलवर खरी वादावादी सुरू होते. ओळंबा लावला होता का? जमीन सपाट होती का? सावलीचं टोक कुठवर धरलंत? दोन्ही वर्गांकडे अर्धं-अर्धं उत्तर आहे, आणि दुसऱ्याचं अर्धं मिळाल्याशिवाय आपलं निरुपयोगी आहे. व्हिडिओ कॉल वर्गात आणायचा तर अशा गरजेपोटी आणावा.

एरवी काय होतं? स्वागतगीत, हात हलवणं, पाठ केलेली चार वाक्यं, फोटो. मुलांचा आनंद खरा असतो, म्हणून तर तो एवढ्यावर संपलेला पाहताना वाईट वाटतं. 1975-76 मध्ये उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोचले. काम फार मोठं होतं, पण त्यात गावाने बघायचं होतं. आज गावाला बोलता येतं, आणि तरीही आपण मुलांना प्रेक्षकच ठेवतो.

फ्रान्समधला शिक्षक सेलेस्तँ फ्रेने पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम होऊन परतला. त्याला वर्गात फार वेळ बोलणं झेपेना. 1920 च्या दशकात त्याने वर्गात छोटं छापयंत्र आणलं. मुलांनी लिहायचं, मुलांनीच खिळे जुळवून छापायचं आणि ते पोस्टाने दूर ब्रिटनीतल्या शाळेला पाठवायचं. तिकडचं इकडे यायचं. समुद्रकाठच्या मुलांना आपलं डोंगरातलं गाव सांगायचं, तर आधी ते स्वतः नीट बघावं लागतं. वर्गांना जोडण्याची कल्पना व्हिडिओ कॉलहून कितीतरी जुनी आहे.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची खूप चर्चा झाली. मला त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा वैर असलेल्या देशांतल्या मुलांच्या त्यात जोड्या लावल्या, आणि सहा आठवडे बरोबर काम करायला दिलं. खरी किंमत त्या सहा आठवड्यांची आहे.

पण सीमा ओलांडायला इतकं लांब जायलाच हवं असं नाही. सह्याद्रीच्या वाड्या-वस्त्यांवर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. तिथे चौथीत कधी एकच मुलगी असते. गुरुजी जीव लावून शिकवतात, पण ‘तुझं चुकलंय’ म्हणून भांडायला तिच्या बरोबरीचं कुणी नाही. घाटापलीकडच्या वाडीत असाच एकटा मुलगा चौथीत असेल, तर परदेशातल्या वर्गाआधी या दोघांना जोडावं. त्या जोरावर शिक्षक कमी करायचा विचार मात्र कुणी मनातही आणू नये. दोन्ही टोकांना शिक्षक हवाच.

दोघांनी पावसाळाभर आपापल्या डब्यात पाऊस मोजावा. मंगळवारी अकरा वाजता गुरुजींचा फोन, जिथे रेंज येते त्या खिडकीत, टेकवून ठेवावा. चित्र अडकलं तरी आवाज पोचतो, आणि आकडा सांगायला आवाज पुरतो.

“माझ्याकडे अठ्ठेचाळीस मिलिमीटर. तुझ्याकडे?”

“एकसष्ट.”

“एवढा कसा? डबा पागोळीखाली ठेवलास का?”